खाण गेली, वाद्यें उरलीं

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास-मंडळापुढें आम्हीं एक इंग्रजी बोलपट मुद्दाम दाखविला. 'ब्रास्ड ऑफ' हें त्याचें नांव. मार्क हर्मन यांनीं तो लिहिला व दिग्दर्शित केला, आणि १९९६ सालीं तो प्रथम पडद्यावर आला. उत्तर इंग्लंडांतील एक कोळशाची खाण बंद पडत असतां तिच्या कामगारांचा वाद्यवृंद लंडनच्या स्पर्धेंत पहिला येतो, एवढेंच त्याचें कथानक. खेळ संपून दिवे लागले तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारिलें, "सर, शेवटीं बॅण्ड तर जिंकला. मग ही कथा दुःखान्त आहे असें आपण आरंभीं कां सांगितलें?" आम्हीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर दिलें. त्याचें त्यानें समाधान झालें असेल. आमचें झालें नाहीं. कारण प्रश्न बोलपटाच्या शेवटापुरता नव्हता. ज्या एका धंद्यावर सगळें गांव उभें असतें तो धंदा गेल्यावर काय बुडालें आणि काय वांचलें, याचा हिशेब कोणीं व कसा मांडावयाचा, हा तो प्रश्न होता. आणि तो इतिहासाचा प्रश्न आहे. त्या विद्यार्थ्यास द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आम्ही येथें देत आहों.

आरंभीं 'बॅण्ड' या शब्दाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे बॅण्ड म्हटला कीं वरातीपुढें चालणारी, लाल डगले घातलेली मंडळी डोळ्यांपुढें येते. वाद्यें बहुतेक तींच. कारण इंग्रजांच्या पलटणींतूनच तीं आपल्या लग्नमंडपाच्या दारापर्यंत येऊन पोहोंचलीं. परंतु उत्तर इंग्लंडांत या पितळी वाद्यांना जो सामाजिक अर्थ आला तो निराळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तुताऱ्या-कर्ण्यांना झडपा बसविण्याची युक्ति निघाली आणि तीन बोटांनीं सगळे सूर काढतां येऊं लागले. ज्याचीं बोटें दिवसभर फावडें धरून राठ झालीं आहेत अशा माणसालाहि हें वाद्य वश होण्यासारखें होतें. गिरण्या-खाणींच्या मालकांना वाटलें, कामगार गुत्त्यांत बसण्यापेक्षां तालमींत बसलेला बरा. कामगारांना वाटलें, मालकाचा हुकूम जेथें चालत नाहीं अशी एक तरी खोली आपल्या वांट्याला आली. दोघांचे हेतु भिन्न, पण त्यांतून संस्था एकच उभी राहिली. १८५३ पासून मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेंत या वृंदांच्या स्पर्धा भरूं लागल्या; १९०० पासून लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि दुसरें महायुद्ध संपलें त्या वर्षीं, म्हणजे १९४५ सालीं, ती अल्बर्ट हॉलमध्यें गेली. वादक पंचवीस-सव्वीस, वाद्यें सगळीं पितळेचीं, जोडीला नगारे आणि झांजा. आणि वाजविणारे पोटासाठीं वाजविणारे नव्हेत, तर पाळी संपवून, अंग धुऊन तालमीला येणारे.

बोलपटांतील गांवाचें नांव ग्रिम्ली असें ठेविलें आहे. तें नांव काल्पनिक. गांव मात्र खरें. दक्षिण यॉर्कशायरमध्यें बार्न्सलीजवळ ग्राइमथॉर्प म्हणून एक खेडें आहे. १८९४ सालीं तेथें खाणीचा पहिला कूप खणावयास आरंभ झाला, आणि १९१७ सालीं खाणीच्या कामगारांचा बॅण्ड स्थापन झाला. बोलपटांत जें संगीत ऐकूं येतें तें याच बॅण्डानें वाजविलेलें आहे. खाणीच्या आधीं येथें मोठ्या वस्तीला कांहीं कारण नव्हतें. खाण आली, म्हणून घरांच्या रांगा आल्या. रांगा आल्या, म्हणून दुकानें, शाळा, प्रार्थनामंदिर आणि कामगारांचा क्लब आला. शहरांत राहणाऱ्या आपणांस अशा गांवाची कल्पना लवकर येत नाहीं. आपल्यापैकीं एकाची नोकरी गेली तर शेजाऱ्याची शाबूत असते. तो उसने पैसे देतो, ओळखीच्या ठिकाणीं चिठी देतो. जेथें शेजारी, मेहुणा, वाणी आणि खानावळवाला हे सगळे अखेर एकाच पगारावर जगतात, तेथें पगार थांबला म्हणजे उसने मागावयास दारच उरत नाहीं.

या गांवाच्या मालकाविषयींहि एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. १ जानेवारी १९४७ रोजीं ब्रिटनमधील खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्या दिवशीं खाणीखाणींच्या दारांवर पाट्या लागल्या कीं, ही खाण आतां जनतेच्या वतीनें चालविली जात आहे. त्या वेळीं खाणकामगारांची संख्या सुमारें सात लक्ष होती, आणि त्यांच्या बापजाद्यांनीं ज्या दिवसाची वाट पाहिली होती तो हाच दिवस असें त्यांना वाटलें. पुढें पंचेचाळीस वर्षांनीं खाणी मिटूं लागल्या तेव्हां त्या मिटविणारा कोणी लोभी सावकार किंवा परका भांडवलवाला नव्हता. ज्यांच्या नांवाची पाटी दारावर होती त्यांच्याच वतीनें दार बंद झालें. त्या गांवांच्या रागाला जी एक विशिष्ट धार आहे ती येथून आलेली आहे. शत्रूनें मारलें तर माणूस ओरडतो. घरच्यानें हांकलून दिलें तर तो बराच वेळ उंबऱ्यावरच बसून राहतो.

१९८४ च्या मार्चमध्यें संप सुरू झाला. वीस खाणी व वीस हजार नोकऱ्या कमी करावयाच्या आहेत असें सरकारच्या बाजूनें सांगण्यांत येत होतें. कामगार-संघ म्हणत होता कीं, खरा आंकडा याहून फार मोठा आहे. संप वर्षभर चालला. यॉर्कशायर संपांत होतें, तर शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधील बहुसंख्य खाणकामगार कामावर राहिले. हिंवाळा आला, घरांत जळण नाहीं, आणि ऑक्टोबरांत ढिगावरचा कोळसा वेंचणाऱ्या गांवकऱ्यांना पोलिसांनीं पकडलें तेव्हां ग्राइमथॉर्पमध्यें दंगा उसळला. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या देशाला कोळसा पुरविला त्यांनाच चोरून कोळसा वेंचावा लागावा, यापेक्षां अधिक बोलकी घटना त्या संपांत शोधूनहि सांपडणार नाहीं. ३ मार्च १९८५ रोजीं संप कोणत्याहि तहाशिवाय मागें घेण्यांत आला. दोन दिवसांनीं अनेक गांवांतून माणसें कामावर परत गेलीं तीं आपल्या संघाचें निशाण पुढें करून, बॅण्डाच्या मागून चालत गेलीं. पराभव झाला होता. पण तो पायांत दिसूं द्यावयाचा नाहीं, हें काम त्या दिवशीं वाद्यांनीं केलें.

नंतरचीं वर्षें ओहोटीचीं होतीं. १९९० मध्यें वीजधंदा खाजगी मालकीकडे जाऊं लागला. नव्या कंपन्यांना समुद्रांतील वायूवर चालणारीं वीजगृहें स्वस्त व सोपीं वाटलीं, आणि बाहेरचा कोळसाहि बंदरांत स्वस्त येऊन पडत होता. १३ ऑक्टोबर १९९२ रोजीं व्यापारमंत्री मायकेल हेझेल्टाइन यांनीं जाहीर केलें कीं, उरलेल्या ५० खाणींपैकीं ३१ बंद होतील आणि सुमारें तीस हजार माणसांचें काम जाईल. ग्राइमथॉर्पची खाण त्यांत होती. संपांत कामावर राहिलेल्या नॉटिंगहॅमशायरच्या खाणीहि त्यांत होत्या. निष्ठेचें बक्षीस म्हणून त्यांना वेगळा न्याय मिळाला नाहीं. आणि त्याच आठवड्यांत ग्राइमथॉर्पचा बॅण्ड अल्बर्ट हॉलमध्यें राष्ट्रीय स्पर्धेंत पहिला आला! ही घटना कादंबरीकारानें कल्पिली असती तर टीकाकारांनीं तिला ओढूनताणून आणलेली म्हटलें असतें. या वेळीं सारा देश हळहळला. लंडनच्या रस्त्यांवर मोठमोठ्या मिरवणुका निघाल्या. डिसेंबरांत तेथील वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, कामगारांचा विचार न घेतां काढलेला हा हुकूम बेकायदा आहे. पण १९९३ च्या मे महिन्यांत ग्राइमथॉर्पची खाण बंद झालीच.

बोलपट या घटनांचा आधार घेतो, पण त्यांची बखर लिहीत नाहीं. आणि येथेंच त्याची किंमत आहे. बॅण्डाचा म्होरक्या डॅनी हा पीट पोस्टलथ्वेट यांनीं उभा केलेला म्हातारा खाणकामगार. त्याच्या फुप्फुसांत कोळशाची धूळ बसली आहे आणि डोक्यांत संगीतावांचून दुसरें कांहीं नाहीं. खाण राहो वा जावो, बॅण्ड वाजला पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. त्याचा मुलगा फिल ट्रॉम्बोन वाजवितो. १९८४ च्या संपापासून त्याच्या मानेवर बसलेलें कर्ज अजून उतरलेलें नाहीं. बाप दुखावेल म्हणून तो मोडकें वाद्य टाकून नवें घेतो, आणि घरीं सावकाराचीं माणसें येऊन सामान उचलून नेतात. चार पैसे मिळावे म्हणून तो विदूषकाचा वेष करून मुलांच्या समारंभांत खेळ करतो. बायको मुलांना घेऊन निघून जाते. याच गांवीं ग्लोरिया नांवाची एक तरुणी परत येते. तिचा आजा या बॅण्डांतील जुना वादक. ती फ्ल्यूगलहॉर्न इतकें सुरेख वाजविते कीं, मोडूं घातलेला बॅण्ड तिच्यामुळें पुन्हां जमतो. पण ती आली आहे खाणीच्या वरिष्ठांची नोकर म्हणून, ही खाण चालवावयास परवडते कीं नाहीं याचा अहवाल तयार करण्यासाठीं. तिचा आंकडेमोडीवर विश्वास आहे. खाण नफ्यांत चालूं शकेल असें तिला प्रामाणिकपणें वाटतें व ती तसें लिहिते. मग तिला कळतें कीं, निर्णय फार पूर्वींच झालेला आहे आणि अहवाल कोणी वाचणार नाहीं. तो मागविला होता तो केवळ मागविला असें म्हणतां यावें म्हणून.

प्रेक्षकांस हें चित्र अतिरंजित वाटण्याचा संभव आहे. परंतु २०१४ च्या आरंभीं ब्रिटिश मंत्रिमंडळाचे जुने कागद नियमाप्रमाणें उघडे झाले, त्यांत १९८३ च्या सप्टेंबरांतील एक टिपण निघालें. त्यावरून दिसलें कीं, संपाच्या आधींच खाण-मंडळाच्या प्रमुखाच्या मनांत तीन वर्षांत ७५ खाणी बंद करण्याची योजना होती. वीसाचा आंकडा लोकांना सांगण्यापुरता होता. म्हणजे ग्लोरियाची गोष्ट नाट्यकाराच्या कल्पनेंतून आली असली तरी अठरा वर्षांनंतर कागदांनीं तिच्या बाजूनें साक्ष दिली. इतिहासाच्या अभ्यासकास यांत घेण्यासारखा धडा आहे. ज्या दप्तरांवर आपण इतका भरंवसा ठेवितों त्यांत असे अनेक अहवाल असतील कीं, जे सत्य शोधण्यासाठीं लिहिलेच गेले नव्हते. आणि एखादा प्रामाणिक अहवाल आढळला म्हणजे त्यावर कोणी निर्णय घेतला असें समजण्याची घाई करूं नये.

बोलपटांतील सर्वांत मर्मभेदक भाग कोणता, असें आम्हांस विचारिलें तर आम्ही संगीताचे प्रसंग सोडून मतदानाकडे बोट दाखवूं. खाण बंद होऊं द्यावी काय, हें कामगारांनाच मतदानानें ठरवावयास सांगितलें जातें. आतां मान्य कराल तर चांगली रक्कम मिळेल. चौकशीचा आग्रह धराल आणि पुढें खाण बंदच झाली तर ती रक्कम हातची जाईल. वरून पाहतां यांत जुलूम कोठेंच नाहीं. प्रत्येकाला मत आहे, तें गुप्त आहे, आणि पैसेहि देऊं केले आहेत. परंतु वर्षभराच्या संपानें जे आधींच कर्जांत बुडाले आहेत त्यांच्यापुढें हा प्रश्न एकेकट्यानें ठेवणें म्हणजे गांवाला गांव म्हणून उत्तर देऊंच न देणें होय. फिल हा डॅनीचा मुलगा, संपाचा जुना शिपाई; आणि तोच पैशाच्या बाजूनें मत देतो. त्याला आपण फितूर म्हणूं शकत नाहीं, हेंच त्या प्रसंगाचें दुःख. बॅण्ड उपान्त्य स्पर्धा जिंकून आनंदानें गांवांत परततो तों निकाल लागलेला असतो: कामगारांनींच मोठ्या बहुमतानें खाण मिटविण्यास संमति दिली आहे. डॅनी रस्त्यांतच कोसळतो. नंतर एका प्रसंगीं फिल त्या विदूषकी वेषांतच गळफांस लावून घेतो व थोडक्यांत वांचतो. ज्या समाजांत माणसें वर्षभर एकत्र उपाशी राहूं शकलीं, तो समाज एका मतपत्रिकेनें एकेकटा झाला. बंदुकीला जें साधलें नसतें तें कागदाला साधलें.

या बोलपटाचें योग्य मूल्यमापन करावयाचें तर त्याच्या एका वडील भावंडाची आठवण करावी लागते. १९४० सालीं 'द प्राउड व्हॅली' नांवाचा बोलपट निघाला होता. वेल्समधील एका खाणीच्या गांवांत एक निग्रो खलाशी येतो. विख्यात गायक पॉल रोब्सन यांनीं ती भूमिका केली आहे. त्याचा आवाज ऐकून गांवचें गायकमंडळ त्याला आपला करून घेतें. पुढें अपघातानें खाण बंद पडते, गांव बेकार होतें, आणि कांहीं माणसें पायीं लंडनला जाऊन खाण पुन्हां उघडण्याची मागणी करतात. तितक्यांत महायुद्धाची वेळ येते. देशाला कोळसा हवा असतो, म्हणून खाण उघडते. दोन्हीं कथांत खाण आहे, संगीत आहे, लंडनची वाट आहे. फरक एवढाच, पण तो सर्व कांहीं सांगणारा: १९४० मध्यें लंडनला गेलेल्या माणसांना राजधानीनें परत पाठविलें तें काम देऊन; १९९० नंतर गेलेल्यांना पाठविलें तें बक्षीस देऊन. पहिल्यांचा देशाला उपयोग होता, दुसऱ्यांचें देशाला कौतुक होतें. आणि उपयोग संपल्यावर सुरू होणारें कौतुक हें बहुधा निरोपाचें भाषण असतें.

आतां शेवटाकडे येऊं. बॅण्ड अल्बर्ट हॉलमध्यें वाजवितो. त्याच्या प्रवासखर्चाचे पैसे ग्लोरियाने आपल्या पगारांतून दिलेले असतात. डॅनी रुग्णालयांतून उठून तेथें येतो. त्याचा बॅण्ड पहिला येतो. आयुष्यभर जें हवें होतें तें हातांत येण्याची वेळ होते. आणि तो तें नाकारतो. व्यासपीठावर उभा राहून तो श्रोत्यांना सांगतो त्याचा मतितार्थ असा: मला वाटत असे कीं संगीताहून मोठें कांहीं नाहीं, तें खोटें होतें. माणसें मोठीं आहेत. व्हेल माशांसाठीं आणि सीलांसाठीं ज्या सभागृहांत टाळ्या पडतात तेथें या माणसांसाठीं कोणी उठलें नाहीं. आणि बक्षीस नाकारलें म्हणजे तरी तुम्ही ऐकाल. क्षणभरानें बॅण्डांतला एकजण तो चषक उचलून घेतोच, हा दिग्दर्शकाचा विनोदी कबुलीजबाब आहे. माणसें तत्त्वासाठीं मान सोडतात, पण चषक सोडणें फार कठीण. परतीच्या वाटेवर उघड्या बसगाडीवर बसून, लंडनच्या रात्रींत, पार्लमेंटाच्या इमारतीजवळून जातांना ते एल्गारचें तें प्रसिद्ध राष्ट्रभक्तीचें कूच-संगीत वाजवितात. त्या सुरांत भक्ति किती आणि उपरोध किती, हें वेगळें करतां येत नाहीं. मग पडद्यावर अक्षरें येतात: १९८४ पासून देशांत १४० खाणी बंद झाल्या, सुमारें अडीच लक्ष माणसांचें काम गेलें.

आमच्या मतें डॅनीचें हें भाषण म्हणजे त्याचा पराभव नव्हे, तसेंच तें केवळ राजकीय व्याख्यानहि नव्हे. आयुष्यभर एका कलेची एकनिष्ठ सेवा केलेल्या माणसानें त्या कलेची जागा कोणती हें शेवटीं ओळखलें, असा तो प्रसंग आहे. बॅण्ड हा खाणीच्या जिवावर उभा होता. पण खाण ही केवळ मजुरी नव्हती. एका अंधाऱ्या, धोक्याच्या जागीं रोज एकमेकांच्या भरंवशावर उतरणारीं माणसें जशीं एकमेकांच्या श्वासावर लक्ष ठेवितात तशींच तीं सायंकाळीं एकमेकांच्या सुरावर लक्ष ठेवीत. बॅण्डाचा मेळ हा त्या भरंवशाचा ध्वनि होता. भरंवसा तुटला म्हणजे ध्वनि कांहीं काळ घुमत राहतो, आणि दूरचा श्रोता म्हणतो, "किती सुंदर वाजतें आहे!"

पुढें काय झालें? १९९४ मध्यें यूरोपीय संघाच्या एका पाहणींत ग्राइमथॉर्प हें देशांतील सर्वांत गरीब खेडें ठरलें. १९९८ च्या जानेवारींत इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयानें निर्णय दिला कीं, खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या रोगांस खाण-मंडळ जबाबदार आहे. डॅनीचा खोकला दोन वर्षांनीं कायद्याला ऐकूं आला. १८ डिसेंबर २०१५ रोजीं यॉर्कशायरमधीलच केलिंग्ली येथील खाण बंद झाली. ब्रिटनमधील ती शेवटची खोल खाण. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं त्या देशांतील कोळशावर चालणारें शेवटचें वीजगृह थांबलें. ज्या देशांत कोळशाच्या बळावर यंत्रयुग जन्मास आलें तेथें तें युग अशा रीतीनें मिटलें. ग्राइमथॉर्पचा बॅण्ड मात्र आजहि वाजत आहे, आणि या बोलपटानें त्याचें नांव जगभर नेलें.

येथें कोणी म्हणेल, कोळसा जाणारच होता. पृथ्वीचें हवामान बिघडत असतां तो गेला हें बरेंच झालें. हें आम्हांस मान्य आहे. धुराचे दिवस परत यावेत असें म्हणणारा इतिहासकार नव्हे, तर स्वप्नाळू. पण खाणी कां गेल्या आणि कशा गेल्या हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि पहिल्याचें उत्तर देऊन दुसरा टाळतां येत नाहीं. १९९२ मध्यें त्या हवामानाच्या चिंतेनें मिटविल्या गेल्या नाहींत; बाजारभावानें मिटविल्या गेल्या. जर्मनींतील रूर खोऱ्यांतहि खाणी मिटल्या. तेथें २००७ मध्यें सरकार, कंपनी व कामगार-संघ यांनीं मिळून ठरविलें कीं, २०१८ पर्यंत हा धंदा आटोपता घ्यावयाचा, आणि तो घेतांना खाणकामगारांस रस्त्यावर सोडावयाचें नाहीं. कोणी मुदतीपूर्वीं निवृत्त झाला, कोणी दुसरें काम शिकला, कोणाची बदली झाली. २१ डिसेंबर २०१८ रोजीं बॉट्रॉप येथील शेवटची खाण बंद झाली तेव्हां तिचा शेवटचा कोळशाचा तुकडा कामगारांनीं देशाच्या अध्यक्षाच्या हातीं दिला. रूरमध्येंहि दुःख झालेंच, आणि त्या व्यवस्थेस सरकारी तिजोरींतून फार मोठी रक्कम लागली. परंतु तेथें एका युगाला मूठमाती देण्यांत आली. यॉर्कशायरमध्यें तें उघड्यावर टाकण्यांत आलें.

मराठी वाचकास हें सगळें परकें वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत १८ जानेवारी १९८२ रोजीं जो संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते, आणि तो संप रीतसर मागें असा कधीं घेतलाच गेला नाहीं. तेथेंहि एका धंद्यानें भजनी मंडळें, लेझमीचे मेळे, शाहिरी आणि कामगारांची रंगभूमि उभी केली होती. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकानें आणि त्यावरून महेश मांजरेकर यांनीं २०१० सालीं काढलेल्या 'लालबाग परळ' या चित्रपटानें त्या पडझडीची साक्ष आपल्या भाषेंत नोंदविली आहे. दोहोंत एक भेद मात्र विचार करण्यासारखा आहे. ग्राइमथॉर्पच्या जमिनीला खाण गेल्यावर किंमत उरली नाहीं, म्हणून तें गांव कोणालाच नको झालें. गिरणगांवच्या जमिनीला गिरण्या गेल्यावर सोन्याची किंमत आली, म्हणून तेथें फक्त माणसें नकोशीं झालीं. एका ठिकाणीं उजाडपणानें विस्मृति आणली, दुसऱ्या ठिकाणीं उंच इमारतींनीं. पहिलीवर निदान गवत तरी उगवतें.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. बॅण्ड जिंकला, हें खरें. तो राहिला, हें त्याहून खरें. आमच्यासारखीं, पुस्तकांत व संगीतांत आयुष्य घालविलेलीं माणसें अशा वेळीं चटकन् म्हणून जातात कीं, धंदे येतात-जातात, कला तेवढी उरते. हें वाक्य आम्हींहि वर्गांत अनेकदां उच्चारलें आहे, आणि तें उच्चारतांना आम्हांस बरें वाटत असे. डॅनीचें भाषण ऐकल्यापासून तें आमच्या तोंडून निघत नाहीं. कला उरते याचा आनंद मानावा; परंतु ती उरली म्हणून बाकीचा हिशेब चुकता झाला असें समजूं नये. वाद्यें उरलीं, यामुळें खाण गेल्याचें दुःख कमी होत नाहीं. तें किती मोठें होतें हें त्या वाद्यांमुळें आपणांस केवळ ऐकूं येतें. बक्षिसाचा चषक जमाखर्चांत जमेच्या बाजूस लिहावयाचा असेल तर खुशाल लिहावा, पण खर्चाच्या बाजूस फिलचें घर, ग्लोरियाचा न वाचलेला अहवाल आणि डॅनीचीं फुप्फुसें आधीं लिहावीं. मग खालीं बेरीज करावी. ती बेरीज ज्या कथेच्या शेवटीं येते तिला आम्ही दुःखान्त म्हणतों. आणि पुढच्या खेळाच्या वेळीं तो विद्यार्थी पुन्हां मागच्या बांकावर असेल, तर हें उत्तर त्याला तोंडीं देण्याचीहि आमची इच्छा आहे.